पिशवीभर लसूणघासाचं बी : वेंडेलिन ग्रिमची गोष्ट

तळ्याकाठी

मंडळी, हे बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बाहेर बर्फ पडतंय आणि कुठे जायचं नाही म्हणून बसलेच.

मी मिनेसोटात राहते, मिनियापोलिसच्या पश्चिमेला. इथून जवळ व्हिक्टोरिया नावाचं गाव आहे आणि गावाला लागून कार्व्हर पार्क रिझर्व्ह म्हणून मोठं राखीव रान आहे, तळी, पायवाटा, हरणं वगैरे. तिथे एक जुनं पिवळसर विटांचं दुमजली घर आहे. ही विट इथल्या चास्का गावची, सगळ्या परिसरात जुनी घरं याच रंगाची दिसतात. दोनतीन वर्षं मी त्या घरावरून नुसती पुढे जायचे. मग एका उन्हाळ्यात तिथे जवळच जांभळ्या फुलांचं झुडुपासारखं काहीतरी दिसलं, तीन तीन पानं, ओळखीचं वाटलं पण नाव आठवेना. पान चुरगाळून वास घेतला आणि एकदम लहानपणचा गोठाच आठवला. लसूणघास! आमच्याकडे कराडजवळ दोन म्हशी होत्या आणि विळा घेऊन रोज संध्याकाळी पेंढी कापून आणायचं काम माझं आणि भावाचं होतं. ओळखायला वेळ लागला कारण आम्ही लसूणघास कधी असा पूर्ण फुलावर येऊच दिला नाही, त्याच्या आधीच कापणी.

मग त्या घराचा मालक कोण हे शोधायला लागले आणि आता सांगितल्याशिवाय राहवत नाही.

वेंडेलिन ग्रिम हा जर्मन शेतकरी. जन्म १८१८, गाव क्युल्सहाइम, तेव्हाच्या बाडन संस्थानात. १८५७ साली बायको युलियाना आणि मुलांना घेऊन तो अमेरिकेत आला आणि इथे कार्व्हर काउंटीत ऑबर्न तळ्याजवळ जमीन घेऊन राहिला. तेव्हा मिनेसोटा राज्यसुद्धा झालं नव्हतं, ते झालं मे १८५८ मध्ये. येताना त्याच्या सामानात पंधरा-वीस पौंड बियाण्याची एक पिशवी होती, म्हणजे आपल्या हिशोबाने सात ते नऊ किलो. ते लसूणघासाचं बी. तो त्याला म्हणायचा 'एविगर क्ले', म्हणजे कायम टिकणारा घास, एकदा पेरला की वर्षानुवर्षं कापत राहायचं.

आता विचार करा, माणूस चाळिशीला आलेला, सगळं घरदार मोडून समुद्रापलीकडे निघालाय, जहाजाच्या तळमजल्यावर माणशी जेमतेम एक फळी झोपायला, त्यात भांडी कपडे हत्यारं अंथरुणं, आणि त्यात हा नऊ किलो चाऱ्याचं बी बांधून घेतो. धान्याचं नाही, चाऱ्याचं. ज्याने गोठा सांभाळलाय त्यालाच हे कळेल. जनावर जगलं तर शेण, शेण असेल तर शेत, दूध, ओढायला बैल, सगळं त्याच्यावर.

१८५८ च्या वसंतात त्याने ते पेरलं. आणि पहिल्या हिवाळ्यात त्यातलं बरंच मेलं.

इथला हिवाळा म्हणजे काय ते सांगते. उणे २५-३० सेल्सियस इथे आश्चर्य नाही. तळी इतकी गोठतात की त्यावरून लोक ट्रक नेतात. जमीन दोनतीन फूट खोल दगड होते. बाडनमध्ये थंडी असते पण ही असली नाही. वसंतात त्याने पाहिलं तर वाफ्यात मधूनमधून हिरवं, बाकी काळं पडलेलं. जी झाडं जगली होती त्यांचं त्याने बी धरलं आणि तेच पुन्हा पेरलं. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा काही मेली. पुन्हा जगलेल्यांचं बी. पुन्हा पेरणी. असं एकदोन वर्षं नाही, वर्षामागून वर्षं. दीडेक दशकात असा घास तयार झाला की तो मिनेसोटाचा हिवाळा आरामात काढायला लागला.

मी यात अडकले ती इथे. घास ज्यांनी कापलाय त्यांना माहितीये की बी हवं असेल तर कापणी सोडावी लागते. फूल येऊ द्यायचं, शेंगा वाळू द्यायच्या, तोवर तो चारा जनावराच्या तोंडी जात नाही. ज्या वर्षी शेतात अर्धाच घास जगलाय आणि गोठ्यात गाई हंबरतायत त्या वर्षी जगलेली मोजकी झाडं न कापता राखून ठेवायची, हे मला कुठल्याही शोधापेक्षा मोठं वाटतं. आमच्या आईने नसतं ठेवलं. ठेवूच शकली नसती.

शेजाऱ्यापाजाऱ्यांची एक आठवण लिहून ठेवलेली आहे. १८६३ च्या दुष्काळी साली ग्रिम आपली गुबगुबीत जनावरं बाजाराला घेऊन चालला होता. बाकीच्यांच्या जनावरांच्या बरगड्या मोजता येत होत्या. एका शेजाऱ्याने विचारलं, एवढा मका आणलास कुठून चारायला? तो म्हणाला, मक्याचा दाणा एक नाही, नुसता एविगर क्ले.

तो १८९० मध्ये गेला. तोवर आसपासच्या जर्मन शेतकऱ्यांकडे हे बी पसरलं होतं पण बाहेर कोणाला पत्ता नव्हता. १९०० च्या सुमाराला एक्सेल्सियरच्या ए. बी. लायमन नावाच्या माणसाने मिनेसोटा विद्यापीठाच्या शेती संशोधन केंद्रातल्या विलेट हेज यांच्या कानावर घातलं की आमच्याकडे असा घास आहे जो थंडीत मरत नाही. हेज यांनी पाहिलं, तपासलं, आणि मग 'ग्रिम अल्फाल्फा' हे नाव सगळीकडे झालं (अल्फाल्फा म्हणजे इथलं लसूणघासाचं नाव). उत्तर अमेरिकेत थंडीत टिकणारा हा पहिला लसूणघास मानतात. १९२४ साली त्याच्या शेताजवळ स्मारकशिला बसवली. विटांचं घर १८७६ च्या आसपासचं आहे, १९७४ पासून ते राष्ट्रीय वारसा यादीत आहे.

मला तुमच्याकडून ऐकायचंय. विशेषतः शेती करणाऱ्यांकडून.

गोठेवाला

ताई धागा वाचून अंगावर काटा आला. मी श्रीरामपूरकडचा, बारा गाई आहेत, दीड एकर लसूणघास कायम असतो. आमच्याकडे ऑक्टोबर नोव्हेंबरात पेरतो, पहिली कापणी पंचावन्न साठ दिवसांनी मग दर महिन्याला एक. तीन वर्षं चालतो, राहुरीचं आरएल ८८ वाण लावतो. पण खरं सांगतो बी दर वेळी विकतच आणतो, धरायचा विचारच केला नाही कधी. चारा सोडायचा जीव होत नाही, तुम्ही म्हणता ते बरोबर.

आमचा घास थंडीने मरत नाही, मे महिन्यात पाणी कमी पडलं की मरतो. तेव्हा शेवटाला मधे मधे ठोंब हिरवे राहतात बाकी वाळतं. तुमचं वाचल्यापासून तेच ठोंब डोळ्यापुढे आहेत.

एक विचारायचं होतं, हा माणूस तिकडून आलाच का? शेती होती ना त्याची तिकडं.

तळ्याकाठी

गोठेवाला दादा, फार छान प्रश्न. एकट्या ग्रिमच्या मनात काय होतं ते कोणी लिहून ठेवलेलं माझ्या वाचनात नाही, पण त्या भागातून तेव्हा इतके लोक का निघाले ते माहिती आहे. नैऋत्य जर्मनीत, बाडन-वुर्टेमबर्गकडे, जमिनीच्या वाटण्या सगळ्या मुलांत सारख्या व्हायच्या. आपल्यासारखंच. चार पिढ्यांत एकाचा वाटा इतका लहान की बैल वळवायला जागा पुरेना. उत्तरेकडे काही भागात एकाच वारसाला सगळी जमीन जायची, तिथलं दुखणं वेगळं. मग १८४५ पासून बटाट्यावर रोग, लागोपाठ नापिकी, आणि १८४८-४९ ची क्रांती बाडनमध्ये पेटलेली होती ती प्रशियाच्या सैन्याने मोडली. मागे राहिलं कर्ज आणि भीती. १८५४ या एका वर्षात दोन लाखांवर जर्मन अमेरिकेत उतरले.

बाडनकडचे पुष्कळ लोक फ्रान्समधल्या ल हाव्र बंदरातून निघायचे कारण ते जवळ पडायचं. न्यूयॉर्कला उतरणाऱ्यांची १८५५ पासून कॅसल गार्डनला नोंद व्हायची, एलिस बेट फार नंतरचं, १८९२ चं. पुढे रेल्वे आणि मिसिसिपीवरची आगबोट सेंट पॉलपर्यंत.

इतिहासवेडा

अप्रतिम धागा. थोडी भर घालतो.

१८५७ हे साल लक्षात ठेवा. त्या वर्षी अमेरिकेत मोठी आर्थिक पडझड झाली, बँका बुडाल्या, मिनेसोटात तर जमिनीच्या सट्ट्यात गुंतलेले लोक रस्त्यावर आले, रोकड दिसेनाशी झाली. ग्रिमसारखे लोक नेमके त्याच वर्षी पोचलेत. आणि जमीन म्हणजे मोकळं माळरान नव्हे, तो भाग 'बिग वुड्स' म्हणायचे, मेपल एल्म बासवुडचं दाट जंगल. झाडं तोडायची, जाळायची, खुंट उपटायला बैल लावायचे नाहीतर खुंट तसेच ठेवून मधल्या मातीत कुदळीने मका बटाटा लावायचा. एका कुटुंबाचं वर्षाकाठी दोनचार एकर मोकळं झालं तरी खूप.

त्या जंगलात जिनसेंग नावाची औषधी मुळी मिळायची, तिला चीनमध्ये भाव. १८५९ च्या सुमारास इथले सगळे लहानथोर कुदळी घेऊन जंगलात मुळ्या खणत होते, कितीतरी कुटुंबांनी पहिला रोख पैसा त्याच्यातून पाहिला. म्हणजे बघा बाडनचा शेतकरी, मिनेसोटाचं जंगल आणि गिऱ्हाईक चीनचं.

पण ताई एक गोष्ट धाग्यात आली नाही. ती जमीन कोणाची होती?

तळ्याकाठी

इतिहासवेडा, बरं झालं विचारलंत, ते मी मुद्दाम टाळलं नव्हतं पण पहिल्या पोस्टमध्येच यायला हवं होतं.

ती जमीन डकोटा लोकांची. १८५१ मध्ये ट्रॅव्हर्स द सू आणि मेंडोटा इथे दोन करार झाले आणि डकोटांकडून दोन कोटींहून जास्त एकर जमीन अमेरिकन सरकारने घेतली. त्यांच्याकडे मिनेसोटा नदीकाठची एक पट्टी उरली, पुढे तीही अर्धी झाली. ग्रिम आला तेव्हा त्या करारांना फक्त सहा वर्षं झाली होती. १८६२ च्या उन्हाळ्यात ठरलेले पैसे वेळेवर आले नाहीत, लोक उपाशी, व्यापारी उधार धान्य देईनात, आणि ऑगस्टमध्ये युद्ध पेटलं. न्यू उल्म हे जर्मन लोकांनी वसवलेलं गाव, त्यावर १९ आणि २३ ऑगस्टला दोनदा हल्ला झाला. शेकडो वस्तीकर मेले, त्यात जर्मन शेतकरी कुटुंबं खूप, बायका मुलं सगळे. नंतर २६ डिसेंबर १८६२ ला मँकेटो इथे ३८ डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी दिली, आणि पुढच्या वर्षी करार रद्द करून डकोटांना राज्याबाहेर काढलं. जे लढलेच नव्हते त्यांनाही.

म्हणजे १८६३ मध्ये ग्रिमची गुबगुबीत जनावरं बाजाराला चाललेली ती गोष्ट आणि डकोटांची हकालपट्टी, वर्ष एकच. मी त्या घराकडे गेले की मला आता दोन्ही आठवतं. एकीकडे पिढ्यान्‌पिढ्या जमिनीच्या तुकड्यासाठी झुरलेला माणूस, त्याला शेवटी जमीन मिळते, आणि ती अशी मिळते. त्याचं कष्टाळूपण त्याने कमी होत नाही, पण ते नुसतं 'ओसाड जागी नंदनवन फुलवलं' असं सांगणं मला पटत नाही. ओसाड नव्हतीच ती जागा.

इतिहासवेडा

+१. धन्यवाद ताई, हे मोकळेपणी लिहिल्याबद्दल.

पेरणी

मी वनस्पती प्रजननात काम करते, म्हणून थोडं तांत्रिक.

'घासाला थंडीची सवय झाली' असं ग्रिमबद्दल बऱ्याच ठिकाणी म्हणतात. झाडाला सवय होत नाही. जे बी त्याने आणलं त्यात सगळी झाडं सारखी नव्हती, हीच गंमत आहे. नेहमीचा जांभळ्या फुलाचा घास एक, आणि त्याचा भाऊबंद एक पिवळ्या फुलाचा, युरोप सायबेरियाकडचा, जो थंडीला फार चिवट. ग्रिमचं गाव ज्या भागात येतं त्या फ्रँकोनियातल्या जुन्या घासात या दोघांचा संकर आधीपासून मिसळलेला होता. ग्रिम अल्फाल्फाच्या शेतात म्हणूनच फुलं एका रंगाची नसायची, जांभळी, निळसर, हिरवट, मधेच पिवळट झाक. म्हणजे त्या नऊ किलोत थंडी सोसणारे गुण होतेच, विखुरलेले. मिनेसोटाच्या हिवाळ्याने बाकीचे मारले.

दुसरं, लसूणघासात परागीभवन मधमाश्यांकडून होतं आणि बहुतेक परकंच होतं, स्वतःचं स्वतःवर फार कमी. त्यामुळे जी झाडं जगली ती एकमेकांशीच संकरित झाली, मेलेल्यांचा परागकण मधे आलाच नाही. प्रत्येक पिढीत चाळण अधिक बारीक. आज आम्ही याला समूह निवड म्हणतो, पुस्तकात प्रकरण असतं त्यावर. मेंडेलने मटारवरचं काम १८६६ मध्ये छापलं आणि ते १९०० पर्यंत फारसं कोणी उघडून पाहिलं नाही. ग्रिमचं कामही त्याच सुमाराला उजेडात आलं, हा योगायोग मला फार आवडतो.

थंडीत घास मरतो कसा ते पण सांगते कारण ते रंजक आहे. नुसतं गारठून मरतो असं नाही. ओली माती गोठते फुगते, विरघळते बसते, परत गोठते, आणि या उचलआपटीत झाडाचा बुडखा मुळासकट वर ढकलला जातो, मूळ तुटतं. वरून बर्फाची जाड गोधडी असेल तर उलट बरं असतं, जमीन फार गार होत नाही. बर्फ कमी आणि थंडी कडक असं वर्ष सर्वात वाईट. चिवट झाडं शरद ऋतूत लवकर वाढ थांबवतात आणि मुळात अन्न साठवून झोपी जातात. जी झाडं उशिरापर्यंत हिरवी राहतात ती दिसायला छान पण हिवाळ्यात पहिली जातात.

गोठेवाला

पेरणी ताई म्हणजे आमच्याकडं उन्हाळ्यात जे ठोंब टिकतात त्यांचंच बी धरलं तर तेच होईल का? आणि किती ठोंब लागतील, चार पाच असले तर चालतील?

पेरणी

चार-पाच नकोत. एवढ्या थोड्या झाडांत आपसात संकर होत गेला की दोनचार पिढ्यांत घास खुरटतो, लसूणघासाला हे फार लवकर बाधतं. निदान शंभरेक तरी धरा, जास्त असतील तर उत्तमच. आणि ते ठोंब खरंच चिवट म्हणून टिकलेत का पाटाच्या कडेला होते म्हणून टिकले, हे बघून घ्या. ओलीच्या जागेवरचे सोडून द्या.

नागभीडकर

हे वाचून आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातले दादाजी खोब्रागडे आठवले नसते तर नवल. नागभीड तालुक्यातलं नांदेड गाव, दीड एकर जमीन. १९८३ मध्ये पटेल-३ धानाच्या शेतात त्यांना दोनतीन लोंब्या वेगळ्या दिसल्या, दाणे पिवळसर. त्यांनी ते वेगळे काढून ठेवले, पुढच्या वर्षी शेतात मधोमध लावले, भोवती काटेरी कुंपण केलं म्हणे डुकरांनी खाऊ नये म्हणून. वर्षं गेली त्यात. त्यातून एचएमटी धान झालं, नाव पडलं ते तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून. आज तो तांदूळ चार-पाच राज्यांत खातात. २०१८ मध्ये गेले, हातात काही राहिलं नव्हतं. आम्ही लहानपणापासून त्यांच्या धानाचा भात खातोय.

ग्रिमला निदान मेल्यावर दगड मिळाला. त्याला पैसा मिळाला का ताई या बियाण्याचा?

तळ्याकाठी

नागभीडकर, दादाजींचं नाव इथे यायलाच हवं होतं, धन्यवाद. फरक एक आहे बघा, दादाजींनी वेगळं दिसलेलं उचललं आणि ग्रिमने जे उरलं ते उचललं. दोघांनी ते दरवर्षी पुन्हा केलं हे मात्र तेच.

पैशाचं विचारलंत तर, तो हयात असताना त्याचं नावच या बियाण्याला लागलं नव्हतं. ते नंतर विद्यापीठ आणि कृषी खात्यापर्यंत गेल्यावर लागलं. विलेट हेज स्वतः १९०५ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यात वरच्या पदावर गेले आणि १९११ मध्ये खात्याने चार्ल्स ब्रँड यांची एक सविस्तर पुस्तिका काढली, पूर्ण ग्रिम अल्फाल्फावर. त्यानंतर मोंटाना, उत्तर-दक्षिण डकोटा ही राज्यं, विस्कॉन्सिन, कॅनडा सगळीकडे त्याची मागणी. तोवर ग्रिमला जाऊन वीस वर्षं झालेली.

आणि त्याच्या आधी काय होतं तेही सांगते. वॉशिंग्टन आणि जेफरसन दोघांनीही आपापल्या शेतात ल्यूसर्न, म्हणजे लसूणघासच, लावून पाहिलं होतं, जमलं नाही नीट. पश्चिमेला कॅलिफोर्नियात १८५० च्या दशकात चिलीहून बी आलं, सोन्याच्या खाणीवाल्यांच्या मागोमाग, तिथे ते जोरात वाढलं आणि कॅन्ससपर्यंत पोचलं. पण उत्तरेकडे नेलं की हिवाळ्यात साफ. लायमनने हेच तर लक्षात आणून दिलं की विकतचं बी मरतं आणि आमच्या शेजारच्या म्हाताऱ्याचं टिकतं.

सुलभाकाकू

मला ७४ वर्षं आहेत, नातीने टाईप करायला शिकवलं आहे. आमच्या माहेरी, मंगळवेढ्याकडे, ज्वारी काढायच्या आधी माझी आजी एकटी शेतात जायची. बियाण्याची कणसं ती स्वतः निवडायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. भरलेलं कणीस, ताट मजबूत, आणि पाखरांनी टोचलेलं नको. ती कणसं चुलीच्या वर आढ्याला टांगायची, धुराने कीड लागत नसे. पेरणीच्या वेळी राखेत घोळून द्यायची. एका वर्षी घरात दाणा नव्हता, उसनं आणून भाकरी केल्या पण आढ्याला हात लावला नाही. आजोबा म्हणाले होते काढ त्यातलं थोडं, तर ती दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

तुमच्या त्या युलियानाबाईंबद्दल काही लिहिलंय का कुठे? मला वाटतं बी धरायचं काम तिचंच असणार.

तळ्याकाठी

काकू, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. आढ्याची कणसं माझ्याही आजोळी होती.

युलियानाबद्दल नावापलीकडे फार काही मिळालं नाही. त्या काळच्या जर्मन शेतकरी घरात दूध, लोणी, कोंबड्या, बाग, वासरं हे सगळं बाईकडेच असायचं आणि कापणीच्या दिवसांत शेतातही सगळ्या असायच्या. शेजारचे इंग्रज वंशाचे अमेरिकन लोक तर याला नावं ठेवायचे की जर्मन लोक आपल्या बायकांना शेतात राबवतात. तेव्हा घासाच्या शेंगा झोडायला आणि पाखडायला ती नसेल असं मला तरी वाटत नाही. लसूणघासाचं बी बारीक असतं, शेंग वेटोळं घातलेली, त्यातून बी काढणं म्हणजे डोळ्याचं आणि बोटांचं काम.

इतिहासवेडा

स्मारक १९२४ चं आहे म्हणालात त्यावरून एक. १९१७ ला अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा मिनेसोटात जर्मन लोकांवर फार संशय घेतला गेला. राज्याने 'कमिशन ऑफ पब्लिक सेफ्टी' नेमलं, त्याने जर्मन भाषेतल्या शाळांवर, वर्तमानपत्रांवर नजर ठेवली, न्यू उल्मच्या महापौराला पदावरून काढलं. तोवर कार्व्हर काउंटीसारख्या ठिकाणी चर्चमधलं प्रवचन, शाळा, किराणा दुकानातलं बोलणं सगळं जर्मनमध्ये चालायचं, पन्नास साठ वर्षं. ते एकदोन वर्षांत दबलं. आणि त्यानंतर सहासात वर्षांतच त्याच राज्यात एका जर्मन शेतकऱ्याच्या नावाने दगड उभा राहतो, कारण राज्यातल्या दुग्धव्यवसायाला त्याच्या घासाचा मोठा आधार झाला होता. गव्हाने जमीन थकली होती, नैऋत्येकडे १८७३ ते ७७ टोळांनी पिकं फस्त केली, लोक हळूहळू गव्हाकडून गाईंकडे वळले. गाईंना चारा हवा, तोही हिवाळाभर साठवता येईल असा.

पेरणी

आणि जमिनीलाही. लसूणघासाच्या मुळांवर गाठी असतात, हवेतला नत्र धरून ठेवतात, मुळं कितीतरी फूट खोल जातात. दुष्काळात ग्रिमची जनावरं धष्टपुष्ट होती ती त्या खोल मुळांमुळे, मका वरच्या थरात पाणी शोधत वाळला आणि घास खालून पीत राहिला.

नव्यानेशिकतो

मस्त चर्चा, पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत). एक बाळबोध शंका, याला लसूणघास का म्हणतात? लसणाचा काही संबंध?

गोठेवाला

वास नाही चव नाही, लसणाचा काही संबंध नाही. ल्यूसर्नचं लसूण झालं असावं बोलता बोलता. आणि नवीन असाल तर सांगतो, ओला घास एकदम भरपूर टाकू नका गाईला, पोटफुगी होते. आधी कडबा किंवा सुकं काहीतरी, मग घास. माझी एक कालवड त्याच्यातच गेली, पहाटे दव असताना कापून टाकला होता.

तळ्याकाठी

दादा, वाईट वाटलं वाचून. इथल्या शेतकऱ्यांनाही तो धोका आहे, म्हणून बहुतेक सगळे वाळवून गठ्ठे करूनच घालतात.

पेरणी ताई, ग्रिमचं बी आजही लावतात का?

पेरणी

शेतात फारसं नाही. १९२० च्या दशकात जिवाणूजन्य मर रोग आला, ग्रिम अल्फाल्फाला त्याच्याविरुद्ध काही ताकद नव्हती, थंडी सोसायचा पण दोनतीन वर्षांत मरून जायचा. मग १९४२ ला रेंजर नावाचं वाण आलं, १९५३ ला व्हर्नल, ही मर रोगाला टिकणारी. पण पुढच्या उत्तरेकडच्या वाणांत थंडीचा जो गुण आहे त्यात त्या पिशवीतल्या बियाचा वाटा मोठा आहे. बीजपेढ्यांत मूळ ग्रिम जपलेलं आहे.

गोठेवाला

आज शेतात जाऊन आलो. मागल्या उन्हाळ्यात जो पट्टा सगळ्यात जास्त वाळला होता, पाटापासून लांबचा, वरच्या अंगाचा, त्यात मोजले तर १६० च्या वर ठोंब जिवंत आहेत. त्यांना काठ्या रोवून सुतळी बांधली. बाकी शेत कापत राहणार पण फेब्रुवारीनंतर तेवढं सोडून देणार. घरच्यांनी विचारलं हे काय तर सांगितलं बी धरायचंय, वडील म्हणाले अमरवेल बघ आधी, ती एक वेल राहिली तर सगळं बियाणं वाया. बरोबर आहे त्यांचं, मागे विकतच्या बियातूनच आली होती आमच्यात. तिचं बी घासाच्या बियाहून बारीक असतं तर चाळून घेईन आणि मिठाच्या पाण्यात टाकून वर तरंगेल ते काढीन.

आमच्या बांधावर मधमाश्या कमी झाल्यात फवारणीमुळं. शेजारच्या गावात एकजण पेट्या ठेवतो त्याला विचारतो एक महिना आणून ठेवतो का.

तळ्याकाठी

दादा, १६०! मी उद्या त्या घरापर्यंत जाऊन येते, बर्फ गुडघाभर आहे, पण वाट मोकळी केली असेल. घास आत्ता दिसणार नाही, सगळा खाली झोपलेला. एप्रिलमध्ये वर आला की फोटो टाकते. तुमचा फुलावर आला की तुम्ही टाका, सुतळी बांधलेला पट्टाच टाका.

सुलभाकाकू

शेंगा काळपट तपकिरी झाल्याशिवाय काढू नका. आणि सकाळच्या दवात काढा, उन्हात हात लावला तर बी गळून जातं. आम्ही तूर तशीच काढायचो.